गरज संपली, पलटण मोडली

(औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील छावणीतील बुद्धविहारात एका वकील उपासकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर एका माउलीने मला विहाराच्या पायरीवर थांबविले. त्यांच्या घराने गेल्या वर्षीच धम्मदीक्षा घेतली आहे. त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, पोरगं लष्कराच्या भरतीला जायचं म्हणतंय. आपण तर रोज जीवहत्या करणार नाही म्हणून शील घेतो. मग मी त्याला काय सांगू?" त्या वेळी मी उत्तर दिले नाही. अशा प्रश्नाचे उत्तर पायरीवर उभ्याने देणे बरे नव्हे. आज महायुद्ध या विषयावर बोलण्याचे मी मान्य केले ते त्या माउलीचे देणे फेडावे म्हणून. तेव्हा युद्ध का होते, त्यातून काय निपजते आणि त्यात आपले स्थान कोणते, हे आपण क्रमाने पाहू.

आपण राहतो त्या जागेपासूनच आरंभ करतो. ही छावणी हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेची. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, तो याच फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे खर्च निजामाच्या मुलखाचा, हुकूम इंग्रजांचा आणि मरावयाचे इथल्या रयतेच्या मुलांनी. युद्धाचा विचार करताना हे तीन प्रश्न नेहमी विचारावेत: हुकूम कोणाचा, खर्च कोणाचा आणि मरण कोणाचे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे वेगवेगळी येतात, तेथे अन्याय आहे असे खुशाल समजावे.

युद्धाचे कारण समजण्यासाठी फार लांब जावयास नको. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपल्या घरी आहे. त्यात परमपूज्य बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून तो घराबाहेर पडला ही जुनी कथा त्यांनी स्वीकारली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण झाले. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला. दोष कोणाचा याची आधी चौकशी व्हावी, दोन्ही पक्षांनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी निकाल द्यावा, अशी त्याची सूचना होती. आजच्या कायद्याच्या भाषेत याला लवाद म्हणतात. सूचना बहुमताने फेटाळली गेली आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. आपल्या धम्माचा आरंभच लवाद नाकारला जाण्यातून झाला आहे, हे प्रत्येक उपासकाने ध्यानात ठेवावे.

आता १९१४ साली युरोपात काय घडले ते पाहा. २८ जून रोजी साराजेव्हो शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बिया या लहान राष्ट्राला निर्वाणीचा खलिता पाठविला. सर्बियाने त्यातील बहुतेक अटी मान्य केल्या आणि जे मान्य होत नव्हते ते हेगच्या लवादापुढे किंवा बड्या राष्ट्रांपुढे ठेवण्याची तयारी दाखविली. ऑस्ट्रियाला निकाल नको होता, युद्ध हवे होते. २८ जुलैला त्याने युद्ध पुकारले. एकीकडे जर्मनी आणि ऑस्ट्रिया, दुसरीकडे फ्रान्स, रशिया आणि इंग्लंड असे गट आधीच बांधलेले होते. वसाहती कोणी गिळावयाच्या आणि समुद्रावर आरमार कोणाचे मोठे, ही चुरस कित्येक वर्षे चालली होती. त्यामुळे एका खुनाची ठिणगी पडताच काही आठवड्यांत सारे युरोप पेटले. रोहिणीच्या काठी जे नाकारले गेले तेच डॅन्यूबच्या काठी नाकारले गेले. फरक एवढाच की या वेळी सुमारे एक कोटी सैनिक मेले.

या भांडणाशी हिंदुस्थानचा संबंध काय? काहीही नाही. तरीही इंग्लंड ४ ऑगस्टला युद्धात उतरले आणि हिंदुस्थान न विचारता त्यात ओढला गेला. शिपाई आणि मजूर मिळून तेरा लाखांच्या आसपास माणसे या देशातून परदेशी आघाड्यांवर गेली. सत्तर हजारांहून अधिक परत आली नाहीत. मेसोपोटेमियात कूट या गावी १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या, उपासमारीने खंगल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये सबंध सैन्यासह तुर्कांच्या कैदेत गेल्या. महाराष्ट्रातील कित्येक गावांत आजही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी दिसते. या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांतील इतके मेले, असा त्यावर हिशोब असतो. आकडा असतो, नाव नसते.

आता आपल्या घरातील गोष्ट. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला जे पडले त्यांत त्यांची नावे आहेत आणि ती दगडावर कोरलेली आहेत. त्या लष्करात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावात ज्याला शाळेची पायरी वर्ज्य, त्याच्या मुलीदेखील छावणीत लिहू वाचू लागल्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली झाला तो महू येथील छावणीतच. आपल्या समाजात पहिली अक्षरे छावणीच्या दाराने आली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

पण ही देणगी होती, हक्क नव्हता. साहेबलोकांनी लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा नवा सिद्धांत काढला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांची नावे त्यांच्याच स्तंभावर कोरलेली होती, त्यांना बिनलढाऊ ठरविण्यात आले. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतील भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. दाद लागली नाही. विनंतीला उत्तर देणे सरकारवर बंधनकारक नसते, आणि वकील म्हणून मी सांगतो की विनंती आणि दावा यांतील सारा फरक एवढाच आहे.

मग १९१७ उजाडले. युद्धाला तीन वर्षे होत आली, माणसे कमी पडू लागली. जो सिद्धांत पंचवीस वर्षांच्या अर्जांनी हलला नाही तो गरजेने एका फटक्यात हलला. १११ वी महार पलटण उभी राहिली. पाच वर्षांपूर्वी जे बिनलढाऊ होते ते एकाएकी लढाऊ कसे झाले, हे कोणी विचारले नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले. काटकसर सुरू झाली. १९२१ मध्ये ती पलटण मोडली गेली.

आमच्या पणजोबांची पिढी त्या भरतीतील. ते नगरकडचे. आमच्या घरात सांगतात की ते पलटणीतून परत आले तेव्हा अंगावर खाकी कोट होता आणि हातात सरकारी दाखला होता. गावात शिरताच तहान लागली म्हणून ते विहिरीकडे वळले. तेथील लोकांनी कोटाकडे पाहिले, दाखल्याकडे पाहिले आणि त्यांना नेहमीप्रमाणे दूर उभे राहावयास सांगितले. तो दाखला माझ्या आजीने पत्र्याच्या पेटीत जन्मभर जपला. मी कायद्याच्या महाविद्यालयात दाखल झालो तेव्हा तिने तो मला दाखविला आणि म्हणाली, "बाळा, हा कागद खरा हाये, पण ह्यानं पाणी मिळालं नाही. ज्यानं पाणी मिळंल असा कागद लिहायला शीक." मला पुढे पुष्कळ विद्वान गुरू भेटले, परंतु कायद्याची याहून चांगली व्याख्या कोणी सांगितली नाही.

त्याच १९१७ साली बाबासाहेब लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परत येत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. त्यांचे सामान आणि जमविलेली पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. एका अस्पृश्य विद्यार्थ्याने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली ती पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. युद्ध रणांगणापुरते राहत नाही, ते असे कोठेही पोचते. १९१८ मध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात इन्फ्ल्युएन्झाची साथ आली आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांच्यासाठी कोणत्याही भिंतीवर पाटी नाही.

पहिले युद्ध संपले ते दुसऱ्याचे बी पेरूनच. १९१९ च्या व्हर्साय तहाने युद्धाचा दोष जर्मनीच्या माथी मारला आणि १९२१ मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई तिच्यावर बसविली. दुसऱ्या युद्धाचे हे एकच कारण होते असे मी म्हणत नाही. १९२९ ची जागतिक मंदी होती, १९३२ मध्ये जर्मनीत साठ लाखांच्या आसपास लोक बेकार होते, पूर्वेकडे जपानने १९३१ मध्ये मांचुरिया गिळला होता. परंतु उपाशी आणि अपमानित माणसाला शत्रू दाखविणारा नेता हवा असतो. हिटलरने तो शत्रू घरातच दाखविला. तो शत्रू म्हणजे ज्यू.

येथे विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते. बारा हजार जर्मनीसाठी मेले. आणि १९३५ साली त्याच जर्मनीने न्यूरेंबर्गचे कायदे करून ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, जर्मनांशी त्यांचे विवाह गुन्हा ठरविले. पुढे त्यांना बाकावर बसण्याची बंदी आली, मुलांना शाळेची बंदी आली. हे ऐकताना आपल्याला काही ओळखीचे वाटते की नाही? जे मनूच्या नावाने येथे शतकानुशतके चालले, ते त्यांनी सरकारी गॅझेटात छापून केले. शेवटी साठ लाख ज्यू मारले गेले. रक्त सांडून नागरिकत्व विकत घेता येते ही समजूत जितकी करुण तितकीच खोटी आहे. महार पलटणीने ते १९२१ मध्ये शिकले, जर्मन ज्यूंनी १९३५ मध्ये.

दुसरे महायुद्ध सप्टेंबर १९३९ मध्ये सुरू झाले आणि याही वेळी व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. पंचवीस लाख माणसे सैन्यात गेली, ऐंशी हजारांहून अधिक मेली. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून गेली आणि युद्धकाळातील सरकारी धोरण त्याला मोठ्या अंशी जबाबदार होते. ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा आणि नागासाकी ही दोन शहरे दोन बॉम्बनी भाजून निघाली. जगात एकंदर सहा कोटींहून अधिक माणसे मेली.

पण आपल्या बाबतीत या वेळी एक गोष्ट निराळी घडली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबई नभोवाणीवरून भाषण करताना त्यांनी मजुरांना सांगितले की नाझी मताचा विजय हा आपल्यासारख्यांचा सर्वनाश आहे, परंतु केवळ जुने जग राखण्यासाठी हे युद्ध नव्हे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर नवी व्यवस्था उभी राहिली तरच ते सार्थकी लागेल. त्यांनी पाठिंबा दिला, पण अटीशिवाय दिला नाही. १९४३ मध्ये मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. युद्ध संपल्यावर सैन्यात पुन्हा काटछाट झाली, परंतु महार रेजिमेंट या वेळी मोडली नाही. १९४६ मध्ये तिचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले आणि आज सर्व जातीधर्मांचे जवान तिच्यात आहेत. १९१७ च्या पलटणीमागे केवळ सरकारची गरज होती. १९४१ च्या पलटणीमागे निर्णय जेथे होतो त्या मेजाशी बसलेला आपला माणूस होता आणि मागे संघटित समाज होता. माझ्या मते फरक पडला तो येथे.

आणि पुढे तर संविधानच आले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, सोळाव्याने सरकारी नोकरीत समान संधी दिली, बत्तिसाव्याने हक्क डावलला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले. माझ्या आजीला हवा होता तो कागद हाच. तथापि कागद एकदा लिहिला म्हणजे काम झाले असे मानू नका. जर्मनीच्या संविधानातही समता लिहिलेली होती. मार्च १९३३ मध्ये एका कायद्याने सारी सत्ता हिटलरच्या हाती गेली आणि ती समता कागदावर राहिली. आपलेच पाहा. १९५६ मध्ये आपण धम्म स्वीकारला, परंतु बौद्धांना अनुसूचित जातींचे घटनात्मक हक्क देणारी केंद्राची दुरुस्ती व्हावयास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे मागणी करावी लागली. हक्क हा राखणीचे शेत आहे. राखण सोडली की पाखरे उतरतात.

युद्धाचा शेवट कसा करावा याचाही एक धडा सांगतो. सप्टेंबर १९५१ मध्ये जपानशी तह करण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को येथे राष्ट्रे जमली. जपानी बॉम्ब पडलेल्या सिलोनचे प्रतिनिधी जयवर्धने उभे राहिले आणि बुद्धाच्या शिकवणीचा आधार देऊन त्यांनी सांगितले की आमचा देश भरपाई मागणार नाही, कारण द्वेषाला द्वेषाने उत्तर दिल्यास तो शमत नाही. भारताने १९५२ मध्ये जपानशी स्वतंत्र तह केला आणि आपलीही भरपाई सोडली. व्हर्सायचा तह सूडाचा होता, त्यानंतर वीस वर्षांत युद्ध आले. हा तह निराळ्या बुद्धीने झाला आणि जपानने पुन्हा कोणावर चाल केलेली नाही. बुद्धाचा उपदेश विहारात म्हणावयाचा, राजकारणात तो चालत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण द्यावे.

आता त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर. माई, शील मोडेल या भीतीने मुलाला अडवू नका. हत्येची गरज आणि हत्येची इच्छा यांत बाबासाहेबांनी भेद केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे. दुर्बलाच्या रक्षणासाठी उभा राहणारा आणि मारण्यात आनंद मानणारा यांना धम्म एका मापाने मोजत नाही. मुलगा पहिल्या प्रकारचा होईल की दुसऱ्या, हे बरेचसे तुमच्या घरातील संस्कारावर अवलंबून आहे.

परंतु दोन गोष्टी त्याला अवश्य सांगा. पहिली अशी की सही करण्यापूर्वी कागद वाच. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेत भरती चार वर्षांची आहे आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांना कायम करण्याची तरतूद ठेवली गेली. अटी बदलू शकतात, म्हणून भरतीच्या दिवशी ज्या असतील त्या स्वतः वाचाव्यात. जो गरजेपुरता बोलावतो त्याच्याकडे जाण्यात लाज नाही; गरज संपल्यावर आपण काय करणार हे न ठरविता जाण्यात मात्र धोका आहे. आपल्या पणजोबांना तो इलाज नव्हता, आपल्याला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षण सोडू नकोस. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते लष्करी बराकींत. जेथे शिपाई झोपत होते तेथे आपली मुले पुस्तक उघडून बसली. १९५० मध्ये त्यांनी या आपल्या शहरात महाविद्यालय काढले आणि छावणीच्या शेजारीच नागसेनवन उभे राहिले. एका बाजूला कवायतीचे मैदान, दुसऱ्या बाजूला ग्रंथालय. मुलाने मैदानावर जरूर जावे. परत येण्याची वाट मात्र नागसेनवनातून असू द्यावी.

आणि तुम्हा सर्वांना एक काम सांगून मी थांबतो. आपल्या घरांत आज्या-पणज्यांच्या पेट्या आहेत. त्यांत कोणाचा पलटणीचा दाखला असेल, कोणाचे पदक असेल, कोणाचे पेन्शनचे पुस्तक असेल. पुढच्या पौर्णिमेला ते येथे घेऊन या. आपण त्या माणसांची नावे, गावे आणि साले एका वहीत उतरवून घेऊ. सरकारने दगडावर आकडा लिहिला. नावे आपल्याला लिहावी लागतील.

जयभीम.